पेवाचं नाव

त्या शनिवारी साडेसहाच्या सुमारास लातूरकडच्या मुलाने पुस्तक मिटलं, चपला पायात अडकवल्या आणि "येतो मॅडम" एवढंच म्हणून तो जिना उतरून गेला. काकांनी शांतपणे चहाचा घोट घेतला. बाकीचे चौघे माझ्याकडे बघत राहिले, कारण वाचनगट माझ्या घरी भरतो आणि काही बिघडलं की ते मी निस्तरायचं, असा अलिखित करार आहे. तो प्रसंग आणि त्याच्या अलीकडचं-पलीकडचं, आठवतं तसं मांडते आहे. वाचनगट चालवणाऱ्या कुणाला उपयोग झाला तर झाला. निदान माझी एक चूक तरी दुसऱ्याकडून टळेल.

घर पुण्यात, नवी पेठेत. वाडा पाडून उभी राहिलेली चार मजली इमारत. बोळ मात्र वाड्याच्याच काळातला, एक रिक्षा जेमतेम शिरेल एवढा. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत कॉट बेसिसवर स्पर्धा परीक्षेची आठ मुलं राहतात. दिवसभर शास्त्री रस्त्याकडच्या अभ्यासिकेत, रात्री मेसचा डबा, आणि दर वर्षी 'यंदा नक्की'. त्यांच्या पाच मोटारसायकली बोळात लागतात. तिसऱ्या मजल्यावर काका. बँकेतून निवृत्त, वय अडुसष्ट, जन्म याच जागेवरच्या वाड्यातला. गाड्यांवरून काकांचं आणि मुलांचं दोन वर्षं धुमसतंय. काकांनी लावलेल्या पाटीचा मजकूर इथे देत नाही. पुणेरी पाटीला आधीच पुरेशी प्रसिद्धी आहे.

गटात आम्ही सात जण. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. माझी मावशी, वय एकोणऐंशी, इंग्रजी येत नाही पण गोष्ट सोडवत नाही. काका. हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी, जिने सिनेमे पाहिले होते आणि पुस्तक वाचायचं राहिलं होतं. कॉलेजातली दोन मुलं. आणि हा लातूरकडचा, खालच्या आठांपैकी एक, वय सव्वीस, "इंग्रजी सुधारायचंय मॅडम" म्हणून आलेला. काका आणि तो एकाच खोलीत बसणार हे कळलं तेव्हा मला धास्ती वाटली होती. पण दोघांनीही एकमेकांकडे न बघण्याची कला इतकी साधली की मी निर्धास्त झाले.

पुस्तक 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. जे. आर. आर. टोलकिन यांचं, १९५४ आणि १९५५ मध्ये तीन खंडांत आलेलं. एक घातक अंगठी नष्ट करायला निघालेल्या नऊ जणांची गोष्ट. आमची पद्धत अशी, की ज्याची पाळी त्याने पान इंग्रजीत मोठ्याने वाचायचं आणि मग मावशीसाठी तेच मराठीत सांगायचं. या दुसऱ्या भागात खरी मजा आणि खरी भांडणं.

पहिलं भांडण नावांवरून. एल्फना काय म्हणायचं? मावशीने ठरवून टाकलं, गंधर्व. देखणे, गाणारे, म्हातारे न होणारे. (काकांनी लगेच बालगंधर्वांच्या आवाजावर दहा मिनिटं घेतली.) ड्वॉर्फना 'बुटके' म्हणावं तर ते हिणवल्यासारखं, 'खुजे' त्याहून वाईट. लातूरकर म्हणाला, "त्यांचं नाव त्यांनाच राहू द्या की." तर ते ड्वॉर्फच राहिले. मग हिंजवडीच्या मुलीने सांगितलं की या गोष्टीत निरनिराळ्या रेसेस आहेत, आणि मावशीने सहज विचारलं, "म्हणजे जाती का गं?"

खोलीत जरा शांतता झाली. मी शिक्षकी थाटात खुलासा केला की इथे वंश म्हणायचं. एल्फ मरत नाहीत, जग आहे तोवर त्यांना इथेच राहायचंय. माणसं मरतात आणि जगाबाहेर जातात. ड्वॉर्फांना तर वेगळ्याच देवाने, दगडाची आवड असलेल्याने, घडवलंय. हाडामांसाचा, आयुष्याचा, मरणानंतरच्या वाटेचा फरक आहे. जातीत असं काही नसतं. लातूरकर म्हणाला, "म्हंजे तिथं फरक खराच हाय, तरी ते एका ताटात जेवायलेत." पुढचं वाक्य त्याने सोडून दिलं. मीही उचललं नाही. आज वाटतं, उचलायला हवं होतं.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही मोरियात शिरलो. नाव ऐकताच मावशीने हात जोडले. "मोरया!" सगळे हसले, काका तर डोळे पुसेपर्यंत. गणपती तोंडावर आले होते, चिंचवडचे मोरया गोसावी आठवले, पाच मिनिटं वाचन थांबलं. लातूरकर हसला नाही. माझ्या ते लक्षात आलं, पण मी त्याला विनोद कळला नसेल असं धरून चालले. शिक्षकांची ही जुनी खोड.

मोरिया म्हणजे डोंगराच्या पोटातलं ड्वॉर्फांचं उजाड राज्य. त्याच्या बंद दारावर एल्फांच्या लिपीत कोडं आहे. ते सुटतं 'मित्र' या एका शब्दाने. ज्या काळी हे दार घडलं तेव्हा एल्फ आणि ड्वॉर्फ शेजारी म्हणून गुण्यागोविंदाने राहत होते, म्हणून परवलीचा शब्द तो. आणि नेमकं त्याच दारासमोर लेगोलस हा एल्फ आणि गिम्ली हा ड्वॉर्फ हुज्जत घालतात की मैत्री मोडली ती कुणाच्या चुकीने. त्यांना वाट दाखवणारा जादूगार गॅंडाल्फ म्हणतो, मी दोन्ही बाजू ऐकल्यात, आत्ता निवाडा देणार नाही. दोघांच्या घरांत वैरही ताजंच होतं: लेगोलसच्या बापाने गिम्लीच्या बापाला आपल्या तळघरात कोंडलं होतं, आणि तो म्हातारा भर सभेत ते उगाळून मोकळा झाला होता.

त्या दिवशी मराठीत सांगायची पाळी माझी. मी मोरियाला 'भुयार' म्हटलं.

"भुयार नाही मॅडम," लातूरकर म्हणाला. "भुयारातून माणूस पळून जातो. हे लोक तर तिथंच राहायलेत. आमच्याकडं पेव असतंय, तसं काहीतरी म्हणा."

त्याने समजावून सांगितलं. अंगणात किंवा वाड्याच्या आत जमिनीत खोल खणलेलं. तोंड एक माणूस उतरेल एवढं, आत रांजणासारखं रुंद. ज्वारी भरायची, तोंड लिंपून टाकायचं. दुष्काळात गाव त्यावर तगायचं. पण उघडल्या उघडल्या उतरायचं नाही, आतली हवा मारते. आधी कंदील सोडायचा, विझला तर थांबायचं. मला ते फार पटलं. जिथे धन तिथेच श्वास कोंडणारं काहीतरी, ही तर मोरियाचीच कथा: मिथ्रिल नावाच्या धातूच्या शोधात ड्वॉर्फ खोल खणत गेले आणि खाली झोपलेला अग्निराक्षस जागा झाला.

काका म्हणाले, "पेव आम्हाला फुटतं तेवढंच ठाऊक. सध्या क्लासेसचं फुटलंय." पुन्हा हशा.

आता तो शनिवार. गॅंडाल्फ गमावून उरलेले आठ जण एल्फांच्या लोथलोरियन रानात येतात. सीमेवरचा पहारेकरी हाल्दीर म्हणतो, बाकीचे ठीक, ड्वॉर्फाच्या डोळ्यांवर पट्टी बांधावी लागेल, तसा नियम आहे. गिम्ली कुऱ्हाड उपसतो. मी हेर नाही, कैदी नाही, पट्टी बांधणार नाही. लेगोलस वैतागून ड्वॉर्फांच्या ताठ मानेला शिव्या घालतो.

हे पान लातूरकराच्या वाट्याला आलं होतं आणि त्याने ते असं वाचलं की त्याच्या उच्चारांकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. त्या सकाळी त्याच्या गाडीच्या दोन्ही चाकांतली हवा कुणीतरी सोडली होती. ते मला नंतर कळलं. कुणी सोडली ते आजतागायत कळलेलं नाही. काका शपथेवर नाही म्हणतात.

वाचून झाल्यावर काका म्हणाले, "त्या हाल्दीरचं काय चुकलं? त्यांचं रान, त्यांचा नियम. बाहेरच्या माणसाने आल्या आल्या नियमांवर बोलायचं नसतं."

"बाहेरचा म्हंजे कोण काका?"

"ज्याला कळायचं त्याला कळलं."

पुस्तक मिटलं ते इथे.

माझी चूक यानंतरची. मी खाली जाऊन मुलाची समजूत घातली, त्याला परत आणलं आणि नियम केला: यापुढे शेरेबाजी नाही. प्रत्येकाने एक पान वाचायचं, एक पान सांगायचं, गप्पा चहाच्या वेळी. सगळ्यांना सारखा न्याय. मला वाटलं, हे शहाणपणाचं आहे, कारण पुस्तकातही गॅंडाल्फनंतरचा म्होरक्या ॲरागॉर्न तेच करतो. एकट्या ड्वॉर्फाला निवडून काढणं बरं नाही, तर सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्ट्या बांधा, लेगोलसच्याही. गिम्लीला हसू येतं. माझ्याबरोबर एकट्या लेगोलसच्या डोळ्यांवर पट्टी बांधली तरी मला चालेल, म्हणतो. लेगोलस भडकतो, मी एल्फ आहे, हे माझे भाऊबंद आहेत. मग ॲरागॉर्न त्याच्याही ताठ मानेचा उद्धार करतो आणि आठही जण आंधळ्यांच्या माळेसारखे रानातून चालतात.

त्या उपायाने तंटा मिटतो, पण मैत्री काही होत नाही. माझ्याही उपायाने नाही झाली. पुढचे दोन शनिवार आमच्या खोलीत इतकी सभ्य शांतता होती की मावशीला डुलकी लागली. मी पट्ट्या बांधल्या होत्या, सोडायच्या कशा ते मला सुचत नव्हतं.

सुटल्या त्या माझ्यामुळे नाहीच. एल्फांच्या राजधानीत गिम्लीला पुन्हा बोलणी बसतात. तिथला स्वामी केलेबोर्न म्हणतो, तुमच्या लोकांनी तो राक्षस जागा केलाय हे ठाऊक असतं तर तुम्हाला आत घेतलंच नसतं. तेव्हा गालाड्रिएल मध्ये पडते. आपण आपल्या रानाला इतकी शतकं मुकलो असतो आणि जवळून जायची वेळ आली असती, तर आपल्यापैकी कोण डोकावल्यावाचून राहिला असता, असं ती नवऱ्याला विचारते. आणि मग गिम्लीकडे बघून तीन नावं घेते: खेलेद-झाराम, किबिल-नाला, खझद-दूम. तळं, झरा आणि ते राज्य. इथे एक बारकावा आहे. 'मोरिया' हे एल्फांनी ठेवलेलं नाव, अर्थ काळा खड्डा. राहणारे स्वतः त्याला खझद-दूम म्हणायचे. ती ड्वॉर्फांचं नाव ड्वॉर्फांच्या भाषेत उच्चारते. गिम्ली मान वर करतो आणि शत्रू समजत होता तिच्या डोळ्यांत त्याला माया दिसते.

हे मराठीत सांगायची पाळी काकांची होती. काकांचं मराठी छापील, ते सांगू लागले, "तर मावशी, ती गंधर्वांची राणी त्याला म्हणाली..." आणि अडखळले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तिने त्याच्या पेवाचं नाव घेतलं. त्यांच्यात म्हणतात तसं." मुलाकडे त्यांनी बघितलंही नाही.

हे काकांनी ठरवून केलं की शब्द अडला म्हणून हाताशी होता तो घेतला, मला सांगता येणार नाही. विचारलंही नाही. पण लातूरकर बोलू लागला तो तिथून.

त्याचं गाव किल्लारीच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांचा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. रात्री उशिरापर्यंत गणपती बोळवून, मोरया-मोरया करून लोक दमून झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवर आल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. त्याचा स्वतःचा जन्म नंतरचा, पुनर्वसनाच्या नव्या गावातला, सरळ रस्त्यांच्या आणि एकसारख्या घरांच्या. त्याची आजी शेवटपर्यंत त्याला 'नवं गाव' म्हणायची आणि पेव जुन्या गावात राहिलं म्हणून हळहळायची. घरातलं कोण गेलं ते त्याने सांगितलं नाही. मावशीने जोडलेले हात आणि आमचा हशा मला आठवला आणि कानशिलं गरम झाली.

काका म्हणाले, "तेव्हा आमच्या शाखेतून आम्ही कपडे गोळा करून पाठवले होते."

"हो काका, आजी सांगायची. लुगडी पाहिजे होती, पँटी आल्या."

यावर काका हसले. मोठ्याने. मी त्यांना त्या मुलासमोर हसताना पहिल्यांदा पाहिलं.

इथून पुढे दोघांचं कसं जमलं याचा तपशील माझ्याकडे नाही, आणि गंमत म्हणजे पुस्तकातही नाही. लोथलोरियनमध्ये मंडळी महिनाभर राहतात. लेगोलस आता रानात फिरायला जाताना गिम्लीला बरोबर घेऊन जाऊ लागला आणि बाकीच्यांना त्याचं नवल वाटलं, एवढं एका वाक्यात सांगून टोलकिन पुढे जातो. साऱ्या महाकथेतली सगळ्यात लाडकी मैत्री आणि ती जुळण्याचा प्रसंगच नाही! कॉलेजातल्या मुलाला हा लेखकाचा आळस वाटला. मला वाटतं, लेखकाला ठाऊक होतं की हे बघणाऱ्यासमोर होत नाही. मला एवढंच दिसलं की एका रविवारी काका बोळात उभं राहून पाच गाड्या तिरप्या कशा लावायच्या ते हातवारे करून दाखवत होते. पाटी अजून आहे.

सगळं गोड झालं असंही नाही. हेल्म्स डीपच्या लढाईत लेगोलस आणि गिम्ली शत्रूच्या फौजेतले ऑर्क कोण जास्त मारतो याची पैज लावतात. लेगोलस एक्केचाळीस, गिम्ली बेचाळीस. हिंजवडीची मुलगी म्हणाली, "दोन वंशांची दोस्ती तिसऱ्याच्या मुडद्यांवर मोजायची, हे मला नाही आवडलं." तिच्याशी वाद घालणं कठीण होतं. ऑर्क मुळात वाईट कसे, त्यांना सुटका का नाही, हा प्रश्न लेखकालाही शेवटपर्यंत सुटला नव्हता. उतारवयात त्याने त्यावर पुन्हा पुन्हा लिहून पाहिलं. दुसरीकडे घान-बुरी-घान हा रानातल्या लोकांचा म्होरक्या आहे. रोहानच्या राजाला तो आडवाट दाखवतो आणि मोबदल्यात एवढंच मागतो की यापुढे आमची जनावरांसारखी शिकार करू नका. म्हणजे आजवर होत होती. 'चांगल्या' बाजूचा हा हिशेब टोलकिन एका वाक्यात उघडा करतो. लातूरकराने ते वाक्य दोनदा वाचलं. मी माझा नियम मोडून चर्चा चालू दिली, पाऊण तास.

नोव्हेंबरात पूर्व परीक्षेचा निकाल लागला. त्याचा नंबर यादीत नव्हता, चौथ्यांदा. तो आला आणि कोपऱ्यात बसला. मावशीने आपल्या परीने धीर दिला, म्हणजे सुभाषित ऐकवलं: आशा ही अजब बेडी आहे, जो बांधला गेला तो धावतो आणि जो सुटला तो पांगळ्यासारखा बसून राहतो. "मग आम्ही खालचे आठही जण पळायलोत आजी," तो म्हणाला.

मला एक सांगावंसं वाटलं. टोलकिनच्या एल्फांच्या भाषेत आशेला दोन शब्द आहेत. अम्दिर म्हणजे लक्षणं बरी दिसताहेत म्हणून वाटणारी आशा. एस्तेल म्हणजे लक्षणं काहीही असोत, आतून न ढळणारा भरवसा. ॲरागॉर्न लहानपणी लपून वाढला तेव्हा त्याचं नावच एस्तेल होतं. खरं नाव त्याला विसाव्या वर्षी कळलं. मराठीत हे दोन कसे वेगळे करायचे? काका म्हणाले, एक आशा, दुसरी उमेद. शब्द फारसी, पण आपल्यात पुरता मुरलेला. मग मुलाकडे वळून, "तुझ्या हॉलतिकिटावर काय छापलेलं असतं रे? उमेदवार." त्याने मान हलवली. पटलं की नाही, सांगता येत नाही. चौथ्यांदा नापास झालेल्याला व्युत्पत्ती किती पुरणार?

त्याला पुरलं असेल तर ते वेगळंच. त्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी, पुढचं युद्ध जिंकायची फारशी चिन्हं नसताना, गिम्ली लेगोलसला हेल्म्स डीपच्या मागच्या चमचमत्या गुहांचं वर्णन ऐकवतो. लेगोलसला गुहांचं वावडं, गिम्लीला झाडांचं भय. तरी सौदा होतो: दोघं जिवंत राहिलो तर तू माझ्याबरोबर गुहा बघायला ये, मी तुझ्याबरोबर फॅंगॉर्नच्या रानात येतो. मावशी म्हणाली, "लढाई चालू आहे आणि हे सहलीचं ठरवतायत!" काकांनी त्याच बैठकीत मुलाला सांगितलं, डिसेंबरात सवाईला माझ्याबरोबर यायचं, पूर्ण एक दिवस. त्याने विचारलं, "आणि तुम्ही?" काका म्हणाले, "तुझं ते पेव दाखव."

सवाई गंधर्वला तो गेला. भारतीय बैठकीत विलंबित ख्याल चालू असताना चक्क झोपला. काकांनी त्याला उठवलं नाही, आणि ज्यांना काका माहीत आहेत त्यांना याचं वजन कळेल.

युद्ध संपल्यावर लेगोलस गुहा बघून येतो तेव्हा त्याला बोलता येत नाही. सांगायचं ते गिम्लीच सांगू शकेल, एवढंच म्हणतो. काकांचं तसं झालं नाही, ते परत आल्यावर एसटीच्या बसण्यापासून ज्वारीच्या भाकरीपर्यंत सगळ्यावर बोलले. पेवाबद्दल मात्र काही नाही. ते मी मुलाने फोनवर दाखवलेल्या व्हिडिओत पाहिलं. जुन्या गावाची जागा, दगडांचे ढीग, वेड्या बाभळी. मध्ये काका, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. पेव कधीच मातीने भरून गेलंय, वर गवत. काका बुटाची टाच जमिनीवर आपटून कान देतात. एकदा, दोनदा. मग फोनच्या मागून मुलाच्या वडिलांचा आवाज येतो, "तिथं न्हाई साहेब. जरा अलीकडं."

काका एक पाऊल अलीकडे सरकतात आणि पुन्हा टाच आपटतात.